रात्रीचे तीन, ओली उशी आणि "या वयात होतंच"

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ०३:२२

झोप काही आता येत नाही, म्हटलं धागाच काढावा. आज दुसऱ्यांदा गाउन बदलला. एकदा एक वाजता आणि आत्ता परत. आधी छातीत धडधड होते, मग चार-पाच सेकंद उगाचच वाटतं की काहीतरी वाईट होणारे, आणि मग कोणीतरी आतून शेगडी पेटवल्यासारखी छातीपासून कानापर्यंत आग आग, केसांच्या मुळांतून घाम, आणि तीन-चार मिनिटांत ते ओसरलं की ओल्या कपड्यांत हुडहुडी. मी मग बाथरूममध्ये जाऊन भिंतीच्या टाइलला कपाळ टेकून उभी राहते. सध्या माझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे आरशाच्या उजवीकडची तिसरी टाइल.

वय ४७. पाळी पूर्ण गेलेली नाही, कधी २२ दिवसांत हजर, कधी ५० दिवस पत्ता नाही आणि मग आली की धो धो. सांधे दुखतात, सकाळी बोटं आखडलेली असतात, चिडचिड तर विचारू नका, परवा मुलाने चमचा सिंकमध्ये जोरात टाकला म्हणून त्याच्यावर ओरडले आणि मग मीच रडले. पण सगळ्यात भीती वाटते ती डोक्याची. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये मला "स्प्रेडशीट" हा शब्द आठवेना. वीस वर्षं रोज तेच उघडून बसते हो मी! शेवटी म्हणाले, "ते चौकोन चौकोन असतात ना, ते पाठवते." सगळे हसले, मीही हसले, आणि नंतर पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले कारण मला वाटलं झालं, लागला आपल्याला विसरायचा आजार.

दोन डॉक्टर झाले. पहिल्या गायनॅक. चार मिनिटं (मी घड्याळ बघत होते), फाइलमधून मान वर न करता "या वयात होतंच, मन रमवा कशात तरी" आणि कॅल्शियमच्या गोळ्या. दुसरे फिजिशियन, ते म्हणाले अँक्झायटी आहे आणि झोपेची गोळी दिली. ती घेऊन घाम यायचा तो येतोच, फक्त आता सकाळी दहापर्यंत गुंगीही असते.

तर हा मेनोपॉजच आहे का? पाळी चालू असताना असतं का असं? टेस्ट कुठली करतात? आणि डॉक्टरांशी बोलायचं तरी कसं, मी तिथे गेले की शहाण्या मुलीसारखी "बरं बरं" म्हणून बाहेर येते.

टिवटिव_नको | मंगळवार, सकाळी ०६:४०

+१ +१ +१. तुमची टाइल, माझा फ्रीजचा दरवाजा. वाचनखूण साठवलीये.

दोन_दशांश | मंगळवार, सकाळी ०८:०५

पाळी चालू असताना असतं का? बऱ्याच जणींना तेव्हाच जास्त असतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, म्हणजे तो मागे वळून बघितल्यावरच कळतो. त्याच्या आधीचा जो चार-पाच, कधी आठ वर्षांचा घोळ असतो तो पेरिमेनोपॉज, आणि तुम्ही बहुतेक त्यात आहात. या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन हळूहळू कमी होत जातं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं, ते उड्या मारतं, एका महिन्यात नेहमीपेक्षाही जास्त आणि पुढच्या महिन्यात तळाला.

म्हणूनच टेस्टचं माझं सांगते. मी शहाणीने एफएसएच (मेंदू अंडाशयांना कामाला लावायला सोडतो त्या हार्मोनची टेस्ट) तीनदा केली. पहिल्यांदा "नॉर्मल", दीड महिन्यांनी "मेनोपॉजच्या रेंजमध्ये", मग परत नॉर्मल. पैसे गेले आणि वर डोकं फिरलं. नंतरच्या गायनॅकने सांगितलं की ४५ च्या पुढे लक्षणं आणि पाळीचा पॅटर्न यावरूनच निदान करतात, ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेची २०१५ ची गाइडलाइनसुद्धा हेच सांगते. वय ४० च्या आत असेल तर मात्र ही टेस्ट करायलाच हवी, आणि एकदा नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), शुगर हे करून घ्या, कारण थकवा, धडधड, घाम, विसराळूपणा हे सगळं थायरॉइडमुळे पण होतं आणि इतकी धो धो पाळी असेल तर लोह तळाला गेलेलं असू शकतं. माझं दोन्ही निघालं, म्हणजे मेनोपॉज होताच, वर थायरॉइड पण.

आणि हो, "काढ सहा महिने, जाईल आपोआप" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. अमेरिकेत स्वॅन नावाचा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला, त्यातल्या ज्या बायकांना वारंवार फ्लशेस, म्हणजे हे आग आग होण्याचे झटके, येत होते त्यांच्यात ते किती टिकतात याचा मधला आकडा निघाला ७.४ वर्षं. म्हणजे निम्म्या जणींना त्याहूनही जास्त. साडेसात वर्षं कोणी अंगावर काढतं का!

आजीची_काठी | मंगळवार, सकाळी ०९:१५

काढतात बाळ. आम्ही काढलंच ना. माझं वय ६४. आमच्या वेळी या गोष्टीला नावच नव्हतं, "पाळी जातेय" एवढंच, तेही कुजबुजत. मी तेव्हा दारं आपटायचे, आमचे हे म्हणायचे हिचं डोकं फिरलंय, मलाही तसंच वाटायचं. गेलं सगळं आपसूक. फक्त एक सांगते, ते हार्मोनचं औषध घेऊ नकोस, त्याने कॅन्सर होतो, माझ्या नणंदेच्या डॉक्टरांनी तिला एका रात्रीत बंद करायला लावलं होतं.

सदाफुली | मंगळवार, सकाळी ११:३०

आजी रागावू नका, पण "गेलं सगळं आपसूक" म्हणणाऱ्यांमुळे माझी पाच वर्षं गेली.

मला ४१ व्या वर्षी फायब्रॉइड्समुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठी) पिशवी काढावी लागली. त्यासोबत दोन्ही अंडाशयंही काढून टाकली, "पुढे कटकट नको" म्हणून, फॉर्मवर सही माझीच आहे पण त्याचा अर्थ काय होतो हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या बेडवर पहिला फ्लश आला आणि सिस्टरना वाटलं ताप आहे, थर्मामीटर लावला. ज्या गोष्टीला शरीर एरवी काही वर्षं घेतं ती माझ्यात एका सकाळी झाली. डिस्चार्ज पेपरवर टाके आणि जड न उचलण्याबद्दल सगळं होतं, हार्मोन्सबद्दल एक ओळ नाही.

४६ व्या वर्षी घसरून मनगट मोडलं, साधं पडणं हो, उभ्या उभ्या. ऑर्थोपेडिकने डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करायला सांगितला, मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आला. उणे २.५ आणि त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंडाशयं काढल्यावर एचआरटी का नाही दिली?" मी म्हटलं, काय नाही दिली? (एचआरटी म्हणजे कमी झालेले हार्मोन्स औषध म्हणून देणं.) इतक्या लवकर अंडाशयं गेली आणि काही अडचण नसेल तर निदान नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, हार्मोन्स द्यायचा सल्ला असतो, कारण प्रश्न नुसत्या घामाचा नसतो, हाडांचा आणि हृदयाचाही असतो. हे मला पाच वर्षांनी एका हाडाच्या डॉक्टरांकडून कळलं.

पिशवी काढायची वेळ आली तर "अंडाशयं ठेवणार का, काढणार असाल तर का आणि पुढे काय" हे आधी विचारा. प्लीज.

ओपीडी_नंतर | मंगळवार, दुपारी ०३:५०

मी गायनॅक आहे. इथे कोणाला औषध सांगणार नाही, तपासल्याशिवाय सांगू पण नये. पण आजींचा मुद्दा बोलायलाच हवा, कारण ओपीडीत रोज कोणी ना कोणी हेच घेऊन येतं.

ही भीती आली २००२ च्या जुलैमध्ये. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्यातला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं हार्मोन) गोळ्यांचा भाग मधेच थांबवला. १६ हजारांवर बायका होत्या. बातमी आली "हार्मोन्सनी कॅन्सर" आणि जगभर बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. आजी, तुमच्या नणंदेचं बहुतेक तेव्हाचंच असणार. आता बातमीत काय नव्हतं ते सांगते. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढला हे खरं, पण तो दर १० हजार बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त केसेस इतका. आणि ज्यांची पिशवी काढलेली होती, ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला.

म्हणून आज हिशोब असा मांडतात की वय ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षांच्या आत असेल, त्रास खरोखर होत असेल आणि अडचणीचं काही नसेल, तर बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. अडचणीचं म्हणजे स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, कारण न कळलेला रक्तस्राव, पूर्वी रक्ताच्या गाठी, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक, लिव्हरचा चालू आजार. यातलं काही असेल तर आमच्यापासून लपवू नका. पॅच किंवा जेलमधून दिलेल्या इस्ट्रोजेनने गाठींचा धोका गोळ्यांसारखा वाढलेला दिसत नाही, म्हणून वजन जास्त असेल किंवा मायग्रेन असेल तर आम्ही तिकडे वळतो. आणि पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका.

मधली_सुट्टी, तुमचं एक वेगळं. ४७ ला पाळी अशी बेताल आणि धो धो येत असेल तर सोनोग्राफी करून घ्या, सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकायचं नाही. आणि बेताल असली तरी पाळी आहे म्हणजे दिवस जाऊ शकतात हे विसरू नका, एचआरटी हे गर्भनिरोधक नाही. (४८ व्या वर्षी मेनोपॉज समजून आलेली पेशंट चार महिन्यांची गरोदर निघाली होती, तिचा चेहरा मी विसरणार नाही.)

स्मरणशक्तीबद्दल: शब्द न आठवणं, खोलीत कशाला आलो ते विसरणं हे या काळात फार कॉमन आहे, झोप नसेल तर आणखी वाढतं, आणि बहुतेकींचं नंतर सुधारतं. चमचा कुठे ठेवला हे विसरणं चालतं. चमचा कशासाठी असतो हे विसरायला लागलं तर या.

चार मिनिटांबद्दल आमच्या बाजूने काय बोलू, बाहेर रांग असते. पण मान वर करायला वेळ लागत नाही.

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ०९:१०

डॉक्टर, चमच्याचं वाचून हसू आलं आणि जरा रडू पण. कशासाठी असतो ते अजून माहितीये, आपटला की ओरडण्यासाठी.

पण परत तेच, आत गेल्यावर मी बोलू काय? "मला गरम होतं" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सगळ्यांनाच होतंय".

दोन_दशांश | मंगळवार, रात्री ०९:४५

लिहून न्या. मी सांगते कसं. साधी वही घ्या, तारीख, फ्लश किती वेळा आला, त्यातले रात्रीचे किती, किती वाजता जाग आली, पाळी असेल तर किती पॅड आणि गाठी पडल्या का, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, त्या दिवशी यामुळे काय करता आलं नाही. "गाडी चालवली नाही कारण झोप झाली नव्हती", "मीटिंग सोडून बाहेर आले". गरम होतं यावर डॉक्टर मान हलवतात, "तीन आठवड्यांत ६१ वेळा, त्यातले ३४ रात्री आणि दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली" यावर पेन उचलतात. ग्रीन स्केल म्हणून २१ प्रश्नांचा एक तक्ता असतो तोही भरून नेता येतो, पण वही जास्त बोलते.

ओपीडी_नंतर | मंगळवार, रात्री १०:२०

अगदी. आणि पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगा. बऱ्याच पेशंट पाठदुखीपासून सुरू करतात आणि दाराची मूठ धरल्यावर म्हणतात "अजून एक होतं डॉक्टर..." आणि खरं काम तेच असतं. आल्या आल्या म्हणा की "मी पेरिमेनोपॉजच्या त्रासासाठी आलेय, मला उपचाराचे पर्याय समजून घ्यायचेत, आणि एचआरटी माझ्यासाठी नको असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या बाबतीत नेमकं कशामुळे ते सांगा." "माझ्या बाबतीत" हे दोन शब्द सोडू नका. अपॉइंटमेंट घेतानाच जास्त वेळ मागा. आणि डॉक्टर म्हणाले की मी या विषयात फारसं काम करत नाही, तर वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिक माणूस आहे, जो करतो त्याच्याकडे चिठ्ठी मागा.

उरलेली_कविता | बुधवार, सकाळी ०७:३५

सगळा एचआरटी एचआरटी गजर चाललाय म्हणून लिहितेय. मला ते घेता येत नाही. तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर, आता टॅमॉक्सिफेन (तो परत येऊ नये म्हणून घ्यायची गोळी) चालू, आणि त्या गोळीने फ्लशेस असे येतात की काय सांगू, तुमच्या शेगडीच्या पुढे माझी भट्टी. अशा चर्चा वाचल्या की वाटतं आपण रांगेच्या बाहेर उभे आहोत.

पण रस्ते आहेत, शोधावे लागतात. मला माझ्या ऑन्कॉलॉजिस्टने (कॅन्सरच्या डॉक्टरने) व्हेन्लाफॅक्सिनचा छोटा डोस दिला. हे डिप्रेशनचं औषध आहे म्हणून मी आधी चिडले, मला वाटलं परत तेच, "मनाचं आहे". पण फ्लशवर ते वेगळं काम करतं. साधारण निम्म्यावर आले. सुरुवातीचे दहा दिवस मळमळ होती, नंतर गेली. गॅबापेंटिन रात्रीच्या त्रासासाठी देतात, ऑक्सिब्युटिनिन पण आहे. याच कामासाठी पॅरॉक्सेटिन पण देतात पण टॅमॉक्सिफेन घेणारींनी लक्षात ठेवा, पॅरॉक्सेटिन टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं, दुसऱ्या डॉक्टरने दिली तर "मी टॅमॉक्सिफेनवर आहे" हे ओरडून सांगा. मला एकाने दिली होती. केमिस्टने पकडलं.

सीबीटीची (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी थेरपी) सहा सेशन्स पण केली. फ्लशेस कमी झाले नाहीत खोटं कशाला बोलू, पण आला की जी "आता मी मरते, सगळे बघतायत" अशी घाबरगुंडी उडायची ती गेली. आता येतो, जातो.

ओपीडी_नंतर | बुधवार, दुपारी ०२:१५

छान लिहिलंत, आणि रांगेच्या बाहेर अजिबात नाही. भर म्हणून: मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचा थर्मोस्टॅट सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी जास्तच उत्तेजित होतात आणि थर्मोस्टॅट इतका हळवा होतो की शरीराचं तापमान किंचित वर सरकलं तरी तो आग लागल्याची घंटा वाजवतो. घाम, लाल चेहरा, ते झालं की हुडहुडी, सगळी त्या घंटेची धावपळ. त्याच पेशींना शांत करणारं फेझोलिनेटंट नावाचं बिगर-हार्मोन औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्यावर लिव्हरच्या टेस्ट करत राहाव्या लागतात आणि ते सगळीकडे मिळत नाही. कॅन्सर झालेल्यांनी मात्र ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही.

निसर्गमित्रा_१०० | बुधवार, दुपारी ०४:००

इतकी केमिकल्स कशाला? आमचं १००% नैसर्गिक चूर्ण, २१ दिवसांत फ्लशेस गायब, कसलाही साइड इफेक्ट नाही. विपू (विचारपूस) करा.

दोन_दशांश | बुधवार, दुपारी ०४:०६

साइड इफेक्ट नाही म्हणजे इफेक्टही नसणार. ब्लॅक कोहोश पण नैसर्गिकच आहे आणि ते घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. सोयातल्या आयसोफ्लेव्होनचा काही जणींना थोडा उपयोग होतो, काहींना शून्य. चूर्णात काय आहे ते लिहा इथेच, विपूत कशाला?

टिवटिव_नको | बुधवार, दुपारी ०४:३०

खिक्. आयडी उडाला पण.

बाजूचा_माणूस | बुधवार, रात्री ११:०५

पुरुष आयडीने इथे लिहावं की नाही कळत नाही. बायको ४९ ची आहे. मी सहा महिने "शांत हो, एवढं काय त्यात" म्हणत होतो, आता कळतंय की त्याने ती आणखी भडकायची. रात्री ती पांघरूण फेकते, मी परत घालतो, मला वाटायचं मी काळजी घेतोय. जवळ गेलो की दूर सरकते, मी मनाला लावून घेतलं होतं. काय करू?

सदाफुली | बुधवार, रात्री ११:२०

आधी पांघरूण घालणं बंद करा हो!! दोघांची पांघरुणं वेगळी करा. आणि दूर सरकते त्याचं कारण बरेचदा दुखतं हे असतं, तुम्ही नसता. कोरडेपणामुळे अक्षरशः काच लागल्यासारखं होतं आणि ते तोंडाने सांगायची लाज वाटते. त्यावर उपाय असतो. तिला विचारा, दिवसा, कपडे घालून, कुठेतरी चालताना. आणि डॉक्टरांकडे सोबत जा पण तिथे तिच्याऐवजी तुम्ही बोलू नका.

आजीची_काठी | गुरुवार, सकाळी ०९:०५

वरचं वाचलं आणि दोनदा लिहून खोडलं. इथे लिहावं का कळत नाही पण नाव कुठे माहीत आहे कोणाला.

परवा मी म्हटलं सगळं गेलं आपसूक. सगळं नाही गेलं. ते सदाफुली म्हणते ते काच लागल्यासारखं, ते मला बारा वर्षं आहे. आमचे हे गेले, तो प्रश्न उरला नाही, पण मला वरचेवर लघवीला जळजळ होते, वर्षात चार-पाच वेळा इन्फेक्शन, दर वेळी अँटिबायोटिक. कुठे जायचं तर आधी बाथरूम कुठे आहे ते बघते. मी समजत होते म्हातारपण. याचा आणि त्याचा संबंध आहे का?

ओपीडी_नंतर | गुरुवार, दुपारी ०१:४०

आजी, आहे. आणि लिहिलंत ते फार बरं केलंत.

फ्लशेस बहुतेकींचे पुढे कमी होतात, हे मात्र उपचाराशिवाय सहसा जात नाही, वाढतच जातं. योनीमार्ग आणि लघवीची जागा दोन्हींना इस्ट्रोजेन लागतं, ते गेलं की तिथली त्वचा पातळ होते, चांगले जंतू कमी होतात, म्हणून परत परत इन्फेक्शन. यासाठी त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा ठेवायची गोळी असते. डोस अगदी कमी, रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे २००२ वाली भीती इथे लावायची नाही, आणि ६० नंतरही सुरू करता येतं. आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा असं साधारण असतं, पण ते तपासून ठरवतील. फरक पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नका. लघवीची कल्चर टेस्ट मात्र करायला सांगा.

घाईत_आहे | गुरुवार, संध्याकाळी ०६:५५

विषय निघालाय तर पटकन विचारते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. परवा थोडासा डाग दिसला, काल परत. दुखत काही नाही. कामाचा ताण चालू आहे त्यामुळे असेल ना? पुढच्या महिन्यात चेकअप आहेच.

ओपीडी_नंतर | गुरुवार, संध्याकाळी ०७:०२

पुढच्या महिन्यात नाही. याच आठवड्यात. पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लागला तरी तपासायचं, ताण वगैरे कारण आम्ही धरत नाही. घाबरू नका, दहापैकी नऊ जणींना कॅन्सर नसतो, पण दहावी कोण हे घरबसल्या कळत नाही आणि लवकर सापडला तर हा कॅन्सर चांगला बरा होतो. आतून सोनोग्राफी करतील, अस्तराची जाडी बघतील. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बराच दिलासा, जास्त असेल किंवा परत लागलं तर बायोप्सी. इथे कळवा.

मधली_सुट्टी | साडेतीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १२:१०

अपडेट. वही तीन आठवडे लिहिली. बेरीज केली तर ७३ फ्लशेस, रात्रीचे ४१, मलाच धक्का बसला, मी डॉक्टरांना "रात्री एक-दोनदा होतं" सांगत होते इतके दिवस.

नवीन गायनॅक शोधली. बसल्या बसल्या वाक्य म्हणून टाकलं, पाठ केलं होतं, आवाज थरथरत होता, मधेच "माझ्या बाबतीत" दोनदा म्हटलं. तिने वही घेतली आणि वाचली. खरंच वाचली, बोट ठेवून ठेवून, आणि "स्प्रेडशीट" लिहिलेल्या ओळीवर थांबून म्हणाली, "हे कधीपासून?" मला तिथेच भरून आलं. बीपी, स्तनांची तपासणी, घरात कोणाला काय झालंय, मायग्रेन आहे का, रक्ताच्या गाठी झाल्यात का, सगळं विचारलं. सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड, काळजीचा नाही. फेरिटिन ९! म्हणजे थकवा नुसत्या हार्मोन्सचा नव्हताच, आता लोहाच्या गोळ्या चालू. मॅमोग्राम करून घेतला.

इस्ट्रोजेनचा पॅच आठवड्यातून दोनदा आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, महिन्यातले १२ दिवस. पहिला पॅच कमरेच्या खाली चिकटवला आणि दिवसभर हात लावून बघत होते आहे ना. झोपेची गोळी तिने एकदम थांबवू नका, हळूहळू कमी करू म्हणून सांगितलं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. २२ मिनिटं. हो, मोजली.

घाईत_आहे | शनिवार, दुपारी ०१:००

मीही सांगायला आले. अस्तर ७ मिमी होतं, बायोप्सी झाली, पॉलिप निघाला, साधा. काढला. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस कसे गेले ते मला माहीत. डॉक्टर, "पुढच्या महिन्यात नाही" म्हणालात त्याबद्दल आभार.

बाजूचा_माणूस | रविवार, सकाळी १०:३०

पांघरुणं वेगळी. बोललो चालताना. ती म्हणाली "दोन वर्षं लागली विचारायला". बुधवारी जातोय, मी गप्प बसणार आहे.

मधली_सुट्टी | अकरा आठवड्यांनी, सोमवार, सकाळी ०७:१५

धागा वर आणतेय. काल रात्री सलग झोपले, पावणेसहाला जाग आली तर आधी वाटलं घड्याळ बंद पडलंय. फ्लशेस आठवड्याला तीन-चार, तेही फुसके. सुरुवातीला स्तन फार दुखत होते आणि मधे थोडं अंगावर गेलं, फोन करून विचारलं, सुरुवातीच्या महिन्यांत होतं म्हणाली, थांबलं. चिडचिड ६० टक्के गेली, उरलेली बहुतेक माझीच आहे. शब्द अजून अडकतात. परवा "कॅलेंडर" अडकलं होतं पण सापडलं.

आजी, तुमचं काय झालं?

आजीची_काठी | सोमवार, सकाळी ११:५०

गेले होते ग. नातीने कागदावर मोठ्या अक्षरात चार प्रश्न लिहून दिले होते, चष्मा विसरले तरी वाचता यावेत म्हणून. तिसरा विचारायला लाजत होते, तो कागदच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. क्रीम चालू केलंय, दोन महिने होत आले, मधे एकदाही जळजळ नाही.

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ११:५२

आणि किती मिनिटं?

आजीची_काठी | सोमवार, दुपारी १२:१०

सतरा. तुझ्यापेक्षा पाच कमी. पण माझ्या कागदावर प्रश्न चारच होते.